काडाची सुधारलेली वैरण : कोणीं करावी व कोणीं करूं नये

माघ संपतां संपतां आमच्या गोदाकांठीं गव्हाच्या मळण्या सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग शेतांतून धुराचे लोट उठूं लागतात. दाणा घरांत आला कीं काडाची अडचण वाटूं लागते. पुढच्या पिकाची घाई असते, मजूर मिळत नाहीं, हार्वेस्टरनें कापलेल्या शेतांत तर काड चहूंकडे पसरलेलें असतें. तें गोळा करण्यापेक्षां काडी ओढून मोकळें होणें सोपें. हाच गृहस्थ पुढें वैशाखांत बैलांसाठीं कडब्याच्या पेंढीचा भाव विचारीत बाजारांत हिंडतांना दिसतो. भाव ऐकून तो सरकारास, व्यापाऱ्यास व पावसास नांवें ठेवितो; फाल्गुनांत स्वतःच्या हातानें जाळलेल्या वैरणीची आठवण त्याला त्या वेळीं होत नाहीं. हें मी दुसऱ्याविषयींच लिहितों असें वाचकांनीं समजूं नये. मीं स्वतः कित्येक वर्षें हेंच केलें आहे.

काडावर युरियाच्या पाण्याची प्रक्रिया करून त्याची पचण्याजोगी वैरण बनविण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. कृषि विद्यापीठें, दूधसंघ व पशुसंवर्धन खातें यांनीं ती वर्षानुवर्षें सांगितली आहे. तथापि ती दरसाल नियमानें करणारा शेतकरी आमच्या भागांत शोधूनच काढावा लागतो. सांगणारे म्हणतात, शेतकरी आळशी व अडाणी. शेतकरी म्हणतो, गुरांस खत चारण्याचे दिवस आले. माझ्या मतें दोघांचेंही चुकतें. ही रीत खरी आहे व स्वस्तही आहे. परंतु ती सर्व शेतकऱ्यांसाठीं, सर्व वैरणींसाठीं व सर्व काळीं नाहीं. ती तशी आहे असें सांगितल्यामुळेंच ती बदनाम झाली. कोणत्या घरीं ती करावी आणि कोणत्या घरीं तिचें नांवही काढूं नये, हें एकदां स्पष्ट बोललें पाहिजे.

प्रथम काडांत काय आहे तें पाहूं. गव्हाचें काड किंवा भाताचा पेंढा यांत प्रथिनांचा अंश शेंकडा ३ ते ४ इतकाच असतो. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी हीं रवंथ करणारीं जनावरें काड स्वतः पचवीत नाहींत. त्यांच्या पहिल्या मोठ्या पोटांत राहणारे असंख्य सूक्ष्म जीव तें पचवितात, व पुढें ते जीवच जनावराचें अन्न होतात. या जीवांस वाढण्यासाठीं नत्र लागतो. वैरणींतील प्रथिनें शेंकडा सहा-सातच्या खालीं गेलीं कीं हे जीव उपाशी पडतात, काड पोटांत तसेंच पडून राहतें, आणि पोट भरलेलें असल्यामुळें जनावर अधिक खातही नाहीं. उन्हाळ्यांत पोटाचा नगारा आणि फासळ्यांचा पिंजरा झालेलीं जीं गुरें आपण पाहतों, त्यांची उपासमार ही अशी भरल्या पोटाची उपासमार असते.

काडांत शक्ति नाहीं असें मात्र नव्हे. त्यांतील तंतु म्हणजे साखरेच्याच साखळ्या आहेत. पण लिग्निन नांवाच्या काष्ठद्रव्यानें त्या जखडलेल्या असल्यामुळें सूक्ष्म जीवांचा आंत शिरकाव होत नाहीं. हा बंध क्षारानें सैल होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळीं, बाहेरून धान्य व पेंड येणें दुर्घट झालें असतां, जर्मनींत अर्न्स्ट बेकमन या रसायनशास्त्रज्ञानें कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत काड भिजवून व नंतर धुऊन तें गुरांस घालण्याची रीत बसविली. रीत गुणकारी होती. पण धुण्यास पाणी अतोनात लागे, आणि त्या पाण्याबरोबर काडांतील थोडाबहुत कसही वाहून जाई. शिवाय कॉस्टिक हाताळणें म्हणजे हात भाजून घेणें. आपल्या खळ्यावर चालेल अशी रीत युरियामुळें आली. ओलसर काडांत युरिया मुरला कीं तेथील जीवाणूंच्या योगें त्याचा अमोनिया होतो. हा अमोनिया क्षार या नात्यानें लिग्निनचे बंध सैल करितो, आणि त्याचा कांहीं भाग काडांतच राहून पोटांतील जीवांस नत्र पुरवितो. बराचसा भाग काड उघडतांना उडून जातो हें खरें. तरी जो उरतो त्यानें प्रथिनांचा अंश, नत्रावरून हिशेब केला तर, शेंकडा ७ ते ८ पर्यंत चढतो. शेंकडा ४० ते ४५ पचणारें काड आणखी आठ-दहा भाग अधिक पचूं लागतें. जनावर तें अधिक खातें, हा तिसरा लाभ. आणि माझ्या दृष्टीनें तोच मोठा, कारण जें पोटांत गेलें नाहीं त्याच्या पचनाची चर्चा करून उपयोग काय?

एवढें पुस्तकांत वाचून मीं पहिला प्रयोग केला तो फसला. गेल्या वर्षीं उरलेलें काड होतें, पौष महिना होता. पत्रकांत लिहिल्याप्रमाणें १०० किलो काडास ४ किलो युरिया व सुमारें ५० लिटर पाणी हें प्रमाण घेतलें, थर दिला, झारीनें पाणी शिंपडलें, तुडविलें, पुन्हां थर दिला, आणि जुन्या ताडपत्रीनें झांकून २१ दिवसांनीं उघडलें. काड जसेंच्या तसें पांढुरकें! अमोनियाचा वास नाममात्र, आणि कडेला हातभर बुरशी. दोन चुका झाल्या होत्या. निफाडकडची थंडी सर्वांस ठाऊक आहे. युरियाचा अमोनिया होण्यास ऊब लागते, आणि थंडींत एकवीस दिवस पुरत नाहींत, हें पत्रकांत कोठेंतरी बारीक अक्षरांत असेल, पण मीं तें वाचलें नव्हतें. दुसरें, ताडपत्रीस भोकें होतीं. वायु कोंडला गेला तरच काम होतें. तो निसटला म्हणजे मागें राहतें तें नुसतें ओलें काड, आणि ओल्या काडावर बुरशी येणें हा सृष्टिनियमच आहे. बुरशी आलेलें काड मीं उकिरड्यांत टाकिलें. तें गुरांस घालण्याचा मोह कोणी धरूं नये. बुरसटलेला भाताचा पेंढा खाल्ल्यानें शेपटीचा गोंडा, कान व खूर सडून गळण्याचा जो देगनाला नांवाचा रोग पंजाबकडे पूर्वींपासून माहीत आहे, तो बुरशीच्या विषामुळेंच होतो असें पशुवैद्य मानितात.

दुसरी गंजी फाल्गुनांत रचली. या वेळीं नवा जाड प्लॅस्टिकचा कागद खालीं व वर घातला, कडा मातीनें लिंपून टाकिल्या, आणि वर जुनीं पोतीं व दगड ठेविले. उघडतांना डोळ्यांतून पाणी आलें, इतका वास! काडाचा रंग पिवळसर तपकिरी झाला होता व हातांत घेतल्यास तें मऊ लागत होतें. बैलांनीं पहिल्या दिवशीं हुंगून तोंड फिरविलें. मग रोज लागेल तेवढेंच काड आदल्या रात्रीं काढून उघड्यावर पसरून ठेवण्याचा क्रम सुरू केला, म्हणजे उडणारा वास उडून जातो. आरंभीं चौथा हिस्सा हें काड व तीन हिस्से नेहमींची वैरण, असें करीत आठवड्यांत पूर्ण सवय लावली. त्यानंतर गव्हाणींत जें एरवीं कुजकें-दांडकें उरत असे तें उरेनासें झालें. माझ्या भाकड गाईनें त्या उन्हाळ्यांत अंग सोडलें नाहीं, एवढेंच मी खात्रीनें सांगतों. दूध किती वाढलें वगैरे आंकडे मीं मोजले नाहींत, म्हणून ते येथें देत नाहीं.

आतां जी गोष्ट लिहावयास जड जाते ती लिहितों. त्याच फाल्गुनांत काम आटोपल्यावर टाकींत बादलीभर युरियाचें पाणी उरलें होतें. उद्यां झाडांना घालूं म्हणून मीं तें तसेंच ठेविलें. दुपारीं दावें सुटलेली एक गाय तहानेनें त्या टाकीशीं गेली. थोड्याच वेळानें ती थरथरूं लागली, पोट फुगलें, तोंडाला फेंस आला, श्वास कोंडला. पशुवैद्य येईपर्यंत ती गेली. चूक गड्याची नव्हती, युरियाची नव्हती, माझी होती. काडांत मुरून तीन आठवडे बसलेला युरिया ही एक वस्तु, आणि पाण्यांत विरघळलेला किंवा पेंडीवर भुरभुरलेला युरिया ही निराळी वस्तु आहे. दुसरींत सर्व अमोनिया पोटांत एकदम सुटतो व रक्तांत जातो. अशा वेळीं थंड पाणी पुष्कळ पाजणें व त्यांत व्हिनेगर घालणें हा उपाय आहे. आंबट द्रव्यानें अमोनियाचा जोर मोडतो. पण हा उपाय लक्षणें दिसतांच व्हावा लागतो, आणि खेड्यांत त्या घटकेस व्हिनेगर कोणाच्या घरीं असणार? तेव्हां उरलेलें पाणी त्याच क्षणीं शेतांत ओतावें, रिकामी टाकी उपडी घालावी, आणि काम चालू असतां गुरें खळ्यापासून दूर बांधावीं. डोळ्यांच्या अंदाजानें युरिया टाकणाऱ्यानें तर या कामांत पडूंच नये. काड वजन करावें, युरिया वजन करावा. ‘चार किलोनें इतका गुण येतो तर सहा किलो घालूं’ असें म्हणणारे आपल्यांत आहेत हें मी जाणतों.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. सध्यां ४५ किलोची युरियाची गोणी सुमारें २६६ रुपयांस मिळते. म्हणजे ४ किलोचे २४ रुपयांच्या आसपास झाले. क्विंटलभर काडामागें युरियाचा खर्च एवढाच. कागद व मजुरी यांचा खर्च त्याहून अधिक येतो. पण कागद उंदरांपासून व उन्हापासून जपला तर पुढील हंगामास उपयोगी पडतो, आणि मजुरी घरची असली तर ती कोणी मोजीत नाहीं, जरी मोजावयास पाहिजे. मात्र या हिशेबाच्या मुळाशीं एक गृहीत आहे: काड स्वतःच्या शेतांतलें व जवळजवळ फुकट पडलेलें आहे. ज्याला काड विकत घेऊन, गाडीभाडें देऊन आणावें लागतें, त्यानें तो पैसा सरकीची पेंड किंवा हिरवा चारा यांत घालावा. त्याला ही रीत परवडणार नाहीं.

आणखी कोणीं करूं नये तें सांगतों. ज्याच्याकडे शाळूचा चांगला कडबा आहे त्यानें त्यावर युरिया शिंपडण्याचें पाप करूं नये. मालदांडीचा कडबा कुट्टी करून घातला कीं पुरे. नुसत्या कुट्टीनेंच पुष्कळ नासाडी वांचते. शिवाय ज्या वैरणींत साखरेचा अंश राहिलेला असतो, जसें ओलसर गोड ताट, तिच्यावर अमोनियाची प्रक्रिया केल्यास साखर व अमोनिया यांच्या संयोगानें विषारी द्रव्य बनूं शकतें, व तें खाल्लेलीं जनावरें बेभान होऊन धांवूं लागतात, असा परदेशांत अनुभव आहे. म्हणून उंसाचें वाढेंही या कामास वर्ज्य. वाढ्याचा दोष निराळाच आहे: त्यांत ऑक्झॅलेट असतें, तें पोटांतील कॅल्शिअम बांधून टाकितें; त्यावर युरिया हें औषध नव्हे, खनिज मिश्रण व इतर चारा यांची जोड देणें हा उपाय. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या भुसकटासही ही रीत लावूं नये. द्विदल पिकांच्या भुसकटांत प्रथिनें काडाहून अधिकच असतात, आणि त्यांच्या तंतूंवर क्षाराचा गुण फारसा येत नाहीं. काड, पेंढा, आणि फार तर वाळून कोळ झालेलें निकृष्ट ताट, एवढेंच तिचें क्षेत्र.

जनावरांतही भेद आहे. सहा महिन्यांच्या आंतील वासराचें पहिलें पोट पुरतें तयार झालेलें नसतें, त्यास हें काड देऊं नये. घोडा रवंथ करीत नाहीं, त्यासही नको. आणि पंधरा-वीस लिटर दूध देणारी संकरित गाय ज्याच्या दावणीस आहे, त्यानें या काडाच्या भरंवशावर राहणें म्हणजे गाईस व स्वतःस फसविणें होय. तिच्या गरजेपुढें काड कितीही सुधारलें तरी अपुरेंच. ही वैरण भाकड गाईम्हशींची आहे, बैलांची आहे, वर्षावरच्या कालवडींची आहे, आणि चार-पांच लिटर दूध देणाऱ्या गाईची आहे, जिला वर थोडी पेंड मिळते. काडांत अ जीवनसत्त्व देणारें द्रव्य जवळजवळ नसतें, म्हणून मूठभर कां होईना पण हिरवें, आणि खनिज मिश्रण, हीं बरोबर हवींतच.

इतक्या अटी पाहून कोणी म्हणेल, मग हिचा उपयोग तरी किती? मी म्हणतों, या अटी सांगितल्या नाहींत हाच आजवरच्या प्रचाराचा दोष. भारत व नेदरलँड्स यांच्या सहकार्यानें १९८० नंतरच्या दशकांत काडाच्या वैरणीवर आपल्या देशांत मोठें संशोधन झालें. पुण्याची बायफ ही संस्थाही त्यांत होती. त्याचा निष्कर्ष असाच निघाला कीं रीत शास्त्रदृष्ट्या पक्की आहे, पण काड मुबलक, हिरवा चारा दुर्मिळ, पाणी हाताशीं व दूध मध्यम, असा मेळ जेथें असेल तेथेंच ती शेतकऱ्यास पटते. शेतकऱ्यानें ती नाकारली तेथें बहुधा त्याचा हिशेब बरोबरच होता. वैरणीच्या बाबतींत आपल्या लोकांची नजर कमी नाहीं. १९६४ सालीं सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला तेव्हां दाणा भरपूर आला, पण ताट बुटकें व कडबा कमी म्हणून कुरकुर झाली. दाण्याच्या नादांत कडब्याकडे पाहण्यास शास्त्रज्ञांस पुढें कांहीं काळ लागला. पुढें हैद्राबादच्या कडबा-बाजारांत संशोधकांनीं तपासणी केली तेव्हां आढळलें कीं, अधिक पचणाऱ्या कडब्यास गिऱ्हाईक प्रयोगशाळेशिवायच अधिक भाव देतें.

दुसरा दोष वेळेचा. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत जिल्ह्याजिल्ह्यांतून चारा-छावण्या उघडल्या, गुरांपुढें ऊंस पडला, आणि ऐन त्या वेळीं काडावर प्रक्रिया करण्याचा उपदेश ऐकूं येऊं लागला. उपदेश चांगला, पण त्या वेळीं काड कोठें होतें? क्विंटलास ५० लिटर पाणी, म्हणजे चार बैलांच्या उन्हाळ्याच्या बेगमीस हजार-बाराशें लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या गांवांत तें कोण ओतणार? हें काम दुष्काळांत करावयाचें नाहीं, सुकाळांत करावयाचें आहे. गहूं निघतो त्या फाल्गुनांत, विहिरीस पाणी असतां, उन्हाची ऊब लागली असतां. कोंकणांत व मावळांत भाताचा पेंढा दिवाळीच्या सुमारास निघतो. तेथें थंडी बेताची असली तरी गंजी एक महिनाभर मिटलेली ठेवावी, व अवकाळी पावसाची भीति असल्यास छपराखालीं रचावी.

म्हणून आपल्या सोसायटीस माझी एक सूचना आहे. व्याख्यानें व पत्रकें पुरे झालीं. सोसायटीनें चांगल्या जाडीचा कागद घाऊक भावानें आणून सभासदांस द्यावा, एक तोलकाटा व दोन टाक्या ठेवाव्या, आणि युरिया-काडाचें प्रमाण तोलून देईल व उरलेलें पाणी ओतून टाकल्याशिवाय खळें सोडणार नाहीं असा एक माहितगार माणूस फाल्गुनाच्या महिन्यापुरता नेमावा. हा माणूस नसेल तर बाकीचें कांहींच करूं नये, इतक्या स्पष्टपणें मी हें सांगतों; कारण एका गांवांत एक गाय मेली कीं त्या गांवांत दहा वर्षें कोणी या कामास हात लावीत नाहीं. हार्वेस्टरवाल्यांशीं ठराव करतांनाच काड गोळा करणारें यंत्र मागें लावण्याची अटही सोसायटीस घालतां येईल; एकट्या शेतकऱ्याचें ते ऐकत नाहींत, पन्नास जणांचें ऐकतील. कांहीं सभासद म्हणतील कीं यांत सोसायटीचा पैसा अडकेल. कागदाची किंमत मळणीनंतर सभासदाच्या खात्यांतून वळती करून घेतली तर तो फार दिवस अडकण्याचें कारण नाहीं.

यंदा मीं पंचवीस क्विंटल काडाची गंजी फाल्गुन वद्यांत रचली आहे. चार जनावरांस रोज सहा-सहा किलो धरले तर ती शंभर दिवस, म्हणजे आषाढांतला हिरवा चारा हातीं येईपर्यंत पुरावी. चैत्री पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारीं सकाळीं ती उघडणार आहे. ज्या सभासदांस पहावयाची असेल त्यांनीं अवश्य यावें, व येतांना आपल्या घरच्या काडाचा एक भारा बरोबर आणावा, म्हणजे दोन्हीं काडें शेजारीं शेजारीं ठेवून बैलासमोर टाकून पाहतां येतील.